चौकट गेली तरी चालेल

मराठी विकिपीडियावर चित्र टाकताना लागणारा एक शब्द मला फार आवडतो: 'इवलेसे'. इंग्रजीतल्या 'थंब'ला कुणीतरी दिलेलं हे गोड नाव.

[[चित्र:अँटेना.jpg|इवलेसे|मजकूर]] असं लिहिलं की छोटं चित्र, भोवती बारीक चौकट आणि खाली मजकूर असं सगळं एकदम येतं. चौकट नको असेल तर 'इवलेसे'च्या जागी 'विनाचौकट' लिहायचं. चौकट जाते, पण तिच्यासोबत खालचा मजकूरही दिसेनासा होतो. कॉम्प्युटरवर चित्रावर माउस नेला की तो डोकावतो. फोनवर माउस कुठून आणणार?

माझं गाव वारूळवाडी, नारायणगावला लागूनच. जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. मोकळ्या आभाळाखालची अँटेना बिनचौकटीचीच छान दिसते. पण खाली मजकूर नसेल, तर बाहेरच्या माणसाला ती टीव्हीची अवाढव्य डिश वाटू शकते.

यावर उपाय साधा आहे. एका रकान्याचा, रेघा नसलेला तक्ता करायचा. वरच्या ओळीत विनाचौकट चित्र, खालच्या ओळीत मजकूर. तक्त्याला चित्राएवढीच रुंदी द्यायची, म्हणजे मजकूर चित्राखालीच राहतो. शिवाय 'अल्ट'मध्ये चित्राचं वर्णन लिहायचं, स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्यांसाठी.

एका ओळीच्या मजकुरासाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर आमच्याच तालुक्यात, नाणेघाटात आहे. तिथल्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. आज त्या जवळपास नाहीशा झाल्यात. पण वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं उरली आहेत. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका. दोन हजार वर्षांत चित्रं गेली, कॅप्शन टिकल्या. तिथे कोण कोण होतं, हे आपल्याला त्यांच्यामुळेच कळतं.

आमच्या घरी याच्या नेमकं उलटं झालंय. भिंतीवर लग्नाचा एक जुना ग्रुप फोटो आहे. सागवानी चौकट भक्कम, काचही शाबूत. आजी होती तोवर एकेकावर बोट ठेवून नावं सांगायची. आता मागच्या रांगेतले चौघे कोण, हे वडिलांनाही सांगता येत नाही. चेहरे स्पष्ट दिसतात, पण ती माणसं हरवली आहेत.

म्हणून विकीवर कुठलंही चित्र टाकताना मी मजकूर आधी लिहितो: कोण, कुठे, कधी. ते पान माझ्या एकट्याचं नाही. उद्या कुणी येऊन चौकट लावेल, परवा कुणी काढेल, एखादा याहून चांगला फोटो टाकेल. खुशाल टाकावा. फक्त खालची ओळ जपावी.