आधी पंचनामा, मग सेल्फ

जुन्या पोर्शेचे मालक मला फोनवर साधारण दोनच वाक्यं सांगतात. पहिलं, ‘चालता चालता बंद पडली.’ दुसरं, ‘पण आता चालू झालीय.’ पहिल्या वाक्यावर माझं घर चालतं, दुसऱ्यामुळे माझं काम अवघड होतं. ऐंशीच्या दशकातल्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये अचानक येणारा बिघाड बहुतेक वेळा तापल्यावर प्रकट होतो आणि निवल्यावर दडून बसतो. गाडी रस्त्याच्या कडेला ठार बंद असते तीच वीस-पंचवीस मिनिटं खरी मोलाची. दोष कुठे आहे हे तेवढ्या वेळात साध्या मीटरनेही कळतं. नेमकी तीच मिनिटं मालक पुन्हा पुन्हा किल्ली फिरवण्यात, बॉनेट उघडून आत बघत उभं राहण्यात आणि घरी उशीर होणार हे कळवण्यात घालवतो. मग गाडी चालू होते. तो खुशीत ती माझ्याकडे घेऊन येतो आणि माझ्यापुढे एक धडधाकट गाडी उभी राहते.

माझं गॅरेज श्टुटगार्टच्या फॉयरबाख भागात आहे. बॉशचा जुना कारखाना इथलाच आणि पोर्शेचं त्सुफनहाउझन शेजारी. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, पण मी आलो तो पुण्याहून, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा आणि भोसरीच्या गॅरेजात बसलेला हात घेऊन. तिथे प्रीमियर पद्मिनी बंद पडली की उस्ताद एका प्लगची वायर उपसून इंजिनाच्या धातूजवळ धरायचे आणि मला सेल्फ मारायला सांगायचे. निळी ठिणगी उडाली की करंट ठीक, मग कार्बोरेटर खोलायचा. पद्मिनीसाठी ही तपासणी झकास होती. इथल्या गाड्यांवर ती करू नये. त्यांच्यातल्या मोट्रॉनिक या यंत्रणेच्या कॉइलमध्ये जोर मोठा असतो. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कंट्रोल युनिटमधला कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर जळू शकतो, आणि धरणाऱ्याला बसणारा झटका वेगळाच. उस्तादांनी शिकवलेला क्रम मात्र मी अजून सोडलेला नाही: इंजिन फिरतंय का, ठिणगी आहे का, पेट्रोल आहे का, हवा आहे का.

मोट्रॉनिक हे बॉशचं १९७९चं अपत्य, आधी बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये आलं. त्यापूर्वीच्या एल-जेट्रॉनिकमध्ये किती पेट्रोल फवारायचं एवढंच इलेक्ट्रॉनिक्स ठरवायचं, ठिणगीचं खातं निराळं होतं. मोट्रॉनिकने दोन्ही खाती एकाच पेटीत आणली. पोर्शे ९४४ला ते पहिल्यापासून होतं. ही गाडी १९८२च्या मॉडेलपासून विकली गेली: पुढे २४७९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स मागच्या चाकांशी आणि दोघांना जोडणारी लांब नळी. त्यातल्या बहुतेक गाड्या पोर्शेच्या घरी बनल्याच नाहीत. त्या इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नेकार्सउल्मला, आउडीच्या कारखान्यात बनल्या. १९९१पर्यंत दीड लाखाहून अधिक. आता सगळ्यांनी तिशी ओलांडलीय, त्यामुळे अनेकींच्या नंबरप्लेटच्या शेवटी ऐतिहासिक गाडीचं ‘एच’ अक्षर असतं. एच लागला की मालकाचा जीव गाडीत जास्तच अडकतो.

या गाडीला निदानाची सोयिस्कर खिडकी नाही. आजच्या गाडीला स्कॅनर जोडला की ती आपलं दुखणं आकड्यांत सांगते. तो जोडायचा सार्वत्रिक सॉकेट अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपातल्या पेट्रोल गाड्यांत २००१पासून सक्तीचा झाला. १९८६ची ९४४ काहीच सांगत नाही. तिच्या कंट्रोल युनिटला इंजिनाबद्दल जे कळतं, त्याचा पाया म्हणजे क्लचच्या घरावर, इंजिनाच्या पाठीशी बसवलेले बोटाएवढे दोन सेन्सर. एक फ्लायव्हीलच्या कडेचे दाते मोजतो. दाते १३२. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी नुसतं चालू असलं तरी सेकंदाला १९८० ठोके. दुसरा सेन्सर फ्लायव्हीलवरची एकच खूण प्रत्येक फेरीला एकदा टिपतो, म्हणजे पिस्टन कुठे आहे ते समजतं. दोन्हींत एक चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. बाहेरून वीज लागत नाही, दाता समोरून गेला की ते स्वतःच थोडीशी वीज तयार करतात. सेल्फच्या मंद गतीला ही वीज फारच अशक्त असते, म्हणून सेन्सरचं टोक आणि दाते यांच्यातलं अंतर ०.८ मिलिमीटर ठेवावं लागतं.

आता मालक फसतो ती जागा. पेट्रोलचा पंप किल्ली फिरवल्याबरोबर सुरू होत नाही. अपघातात इंजिन थांबलं तर फुटलेल्या पाइपातून पंपाने पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून पंपाला वीज तेव्हाच मिळते जेव्हा इंजिन फिरतंय असं कंट्रोल युनिटला दिसतं. ही वीज एका जोड रिलेतून जाते. एकाच डबीत दोन रिले: एक कंट्रोल युनिट आणि इंजेक्टरना वीज देतो, दुसरा पंपाला. दुसऱ्याला हुकूम कंट्रोल युनिटचा. म्हणजे साखळी अशी: सेन्सर, मग कंट्रोल युनिट, मग रिले, मग पंप. सेन्सर मेला की पंप गप्प बसतो. मालकाला दिसतं एवढंच, की पंपाची गुणगुण ऐकू येत नाही.

मागच्या एका उन्हाळ्यात भौतिकशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक आपली १९८६ची ९४४ घेऊन आले. श्टुटगार्टहून उल्मकडे जाताना आल्बच्या डोंगरचढावर ती बंद पडायची. त्यांनी अभ्यास केला होता. डॅशबोर्डखालचा रिले काढून त्यांनी ३० आणि ८७ब या टोकांना वायरीने जोडलं, मागे पंप वाजायला लागला. निष्कर्ष: पंप चांगला, वायरिंग चांगलं, म्हणजे रिले गेला. नवा रिले बसवला, सेल्फ मारला, गाडी सुरू. सिद्ध झालं! पुढच्या उन्हाच्या फेरीत ती पुन्हा त्याच चढावर थांबली. त्यांनी आणखी एक नवा रिले घातला, पुन्हा सुरू झाली. माझ्याकडे आले तेव्हा तक्रार रिले बनवणाऱ्यांबद्दल होती.

त्यांच्या निष्कर्षाचा पहिला भाग बरोबर होता, दुसरा निसटलेला. पंप थेट वीज दिल्यावर चालतो, एवढ्यावरून रिले खराब ठरत नाही. त्याला हुकूमच मिळाला नसेल. नवा रिले घालून गाडी सुरू झाली त्याचंही श्रेय रिलेचं नव्हतं. तो बदलेपर्यंत वीस मिनिटं गेली होती आणि इंजिनाची पाठ निवली होती. खरी परीक्षा वेगळी: ३०, ८७ आणि ८७ब ही तिन्ही टोकं एकत्र जोडायची, म्हणजे कंट्रोल युनिटलाही वीज मिळते आणि पंपालाही, आणि मगच सेल्फ मारायचा. गाडी सुरू झाली तर दोष रिलेचा. नाही झाली तर रिलेला सोडून द्या.

मी त्यांना सांगितलं, ‘पुढच्या वेळी काहीही उपसू नका. एकदाच सेल्फ मारा आणि फक्त आरपीएमच्या काट्याकडे बघा.’ ९४४मध्ये हा काटा फुकटातलं निदान करतो. सेल्फवर तो जरा जरी थरथरला, तरी समजावं की सेन्सर बोलताहेत, कंट्रोल युनिट ऐकतंय आणि कॉइलला हुकूम जातोय; मग शोध पेट्रोलकडे वळवावा, नाहीतर कॉइलच्या पुढे प्लगांकडे. काटा शून्यावर मख्ख बसला, तर कंट्रोल युनिटला वीज नाही, किंवा सेन्सर गप्प आहेत, किंवा युनिटच गेलंय. त्यांचा फोन रस्त्यावरूनच आला. काटा मख्ख.

गाडी माझ्याकडे आल्यावर मी ती पळवून तापवली आणि अंगणात बॉनेट बंद ठेवून चालूच उभी केली. थांबलेल्या गाडीत क्लचच्या घराजवळची हवा हलत नाही, उष्णता तिथेच साठते. थोड्या वेळाने गाडी मेली. तिन्ही टोकं जोडली, सेल्फ मारला: पंप वाजला, गाडी सुरू नाही, काटा जागचा हलला नाही. दोन्ही सेन्सरचे प्लग इंजिनाच्या मागच्या अंगाला वर आणलेले असतात. मीटर लावला. खुणेच्या सेन्सरचा रोध साधारण हजार ओहम, म्हणजे ठीक. दाते मोजणाऱ्याचा रोध अनंत, आतली तार तापून तुटलेली. मीटर तसाच लावून आम्ही कॉफी घेतली. गाडी निवत गेली आणि आकडा आपसूक हजारावर परत आला. मास्तर मीटरकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत.

सेन्सर काढणं हे बिघाड शोधण्यापेक्षा जास्त वेळखाऊ निघालं. तीस-पस्तीस वर्षांच्या उष्णतेने त्यांचं प्लॅस्टिक फुगून धारकात घट्ट बसतं. ओढला की अर्धा हातात आणि अर्धा आत. असं झालं की दोन्ही बदलावेत, एकट्याला बदलण्यात अर्थ नाही. आणि काढण्याआधी दोन्ही प्लगांवर चिकटपट्टीने नाव लिहावं, कारण प्लग दिसायला हुबेहूब सारखे. अदलाबदल झाली की गाडी सुरू होत नाही आणि नवाच बिघाड शोधत दिवस जातो.

रिलेवर अन्याय नको. ९४४ आणि त्याच काळातल्या ९११ कॅरेरा ३.२चा हा रिले खरोखर बदनाम आहे. आतल्या पट्टीवर सोल्डरचे टाके वर्षानुवर्षं तापून-निवून भेगाळतात, गाडी उन्हात मरते आणि सावलीत जगते. लक्षण हुबेहूब सेन्सरसारखंच, म्हणून तर घोळ. डबी उघडून भिंगातून बघितलं की टाक्याभोवती करड्या वर्तुळासारखी भेग दिसते. सोल्डरिंग आयर्न हाती असेल तर तोच रिले दुरुस्त होतो, मी करूनही देतो. पण जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला सरसकट ‘आधी रिले बदल’ हा सल्ला मिळतो, तो मला पटत नाही. रिले स्वस्त आहे म्हणून बदलणं वेगळं आणि दोष सापडला म्हणून बदलणं वेगळं. पहिल्या प्रकारात गाडी सुरू झाली तरी का सुरू झाली हे कुणालाच माहीत नसतं.

एका बाबतीत मात्र दुसऱ्यांदा सेल्फ मारण्याआधीच थांबायला हवं. धावत्या गाडीचं इंजिन एकदम मेलं आणि नंतर सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरल्यासारखा वाटला, तर किल्लीला पुन्हा हात लावू नका. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात. तपासणी सोपी आहे. डिस्ट्रिब्यूटरचा रोटर थेट कॅमशाफ्टच्या टोकावर बसलेला असतो. टोपी काढा, इंजिन हाताने, पान्याने थोडंसं फिरवा. रोटर जागचा हलला नाही तर टो करून आणा. जाणकार हा बेल्ट चार-पाच वर्षांत बदलतात, गाडी किती चालली याची वाट न बघता.

बाकीचे संशयित थोडक्यात. किल्लीमागचा इलेक्ट्रिक स्विच झिजला की खड्ड्यात गाडी क्षणभर मरते. किल्ली किंचित मागेपुढे केल्यावर दिवे लुकलुकले तर तोच. १९८५च्या मध्यानंतरच्या ९४४मध्ये कंट्रोल युनिट शेजारच्या प्रवाशाच्या पायांखाली असतं. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने सडला की पावसाचं पाणी सरळ तिथे उतरतं, म्हणून गालिचा ओला लागला की माझा हात आधी तिकडे जातो. इंजिनाच्या पाठीमागची अर्थिंगची टोकं काढून घासावीत. एक गंमतही सांगतो: इंजिन मजेत चालू आहे आणि गाडी जागची हलत नाही, अशी एक तक्रार येते. तिथे इंजेक्शनचा काही संबंध नसतो. या गाड्यांच्या मूळ क्लच प्लेटच्या मधोमध रबर होतं, ते वयाने फाटतं.

हाच क्रम १९७३ नंतरच्या जुन्या ९११च्या के-जेट्रॉनिकला लावता येत नाही. तिथे पेट्रोल मोजण्याचं काम हवेने उचललेली तबकडी करते, इंजेक्टर अखंड फवारतात. तापलेली गाडी पुन्हा सुरू होत नसेल तर तिथे मी आधी दाब टिकवणारा ॲक्युम्युलेटर तपासतो. तो गळाला की थांबलेल्या गाडीत दाब पडतो आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते. त्याच्यावर स्वतंत्रपणे लिहावं लागेल.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे परदेशी कौतुक समजून पान उलटू नये. आपल्याकडे गाडीच्या मागे ‘एमपीएफआय’चे स्टिकर मिरवायचे दिवस आले, तेव्हाच्या इंजेक्शन गाड्यांतही क्रँकच्या सेन्सरचं काम हेच होतं. तो उन्हात, घाटात तसाच दगा देतो; कधी डॅशबोर्डवर दिवा लावून, कधी न लावता. घाटात बंद पडलेली आणि पाणी पिऊन होईपर्यंत आपोआप सुरू झालेली गाडी तुमच्याकडे असेल, तर पंप बदलण्याआधी हा सेन्सर तपासून घ्या.

माझ्या ग्राहकांना मी सांगतो तेच इथे सांगतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात जादा रिले ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण शेजारी एक स्वस्तातला मीटर आणि एक कागदही ठेवा. गाडी बंद पडली की सुरक्षित बाजूला घ्या, वेळ लिहा, इंजिन झटक्यात मेलं की खोकत मेलं ते लिहा, तापमानाचा काटा कुठे होता ते लिहा. बेल्टचा संशय नसेल तर एकदाच सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा हलला की नाही ते बघा. फोन लावलात की मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.