वीरा साथीदारांचं देणं

वीरा साथीदारांशी माझी ओळख नव्हती. ते नागपूरचे, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक, आंबेडकरी चळवळीतले कवी-गायक. मी याच गावात एका वकिलांच्या हाताखाली फायली वाहणारा ज्युनिअर. तरी देणं लागतो ते त्यांचंच.

2015च्या एप्रिलमध्ये चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ हा सिनेमा लागला; त्यात मुख्य भूमिकेत साथीदार. व्हेनिसचे पुरस्कार, राष्ट्रीय पुरस्कार वगैरे गाजावाजा झाला होताच. मी गेलो तो आपल्या धंद्याची गंमत बघायला. गंमत होतीही. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली! साक्षीला पोलिसांचा ठरलेला पंच. बाईनं बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण पुढे ढकलतात. यातलं काहीच ओढूनताणून आणलेलं वाटलं नाही. आमच्या बार रूममध्ये चहाबरोबर असे किस्से रोज निघत. ‘इथं काहीच होत नसते बावा,’ हे त्या प्रत्येक किश्श्याचं पालुपद. पक्षकार बाहेर बाकावर, आम्ही आत हसतोय.

मग मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकायचा. झुरळं वर आली की आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. ही भूमिका करणाऱ्या उषा बाने यांचा स्वतःचा नवराही याच कामात गेलेला. थिएटरात तोवर हसणारे गप्प झाले. मीही.

कांबळे झालेले साथीदार मात्र या सगळ्यात केविलवाणे होत नाहीत. अभिनय हा त्यांचा पेशा नव्हता. कदाचित म्हणूनच दयेची याचना त्या चेहऱ्यावर येत नसावी. जामीन मिळाला की हा म्हातारा पुन्हा स्टेजवर, मग छापखान्यात, आणि तिथून पुन्हा अटकेत. शेवटी उन्हाळ्याची सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवले जातात, न्यायाधीश सहलीला. कशालाच अर्थ नाही असं दिग्दर्शक म्हणतोय, असं काहींना वाटलं. मला नाही पटत. ज्या कांबळेनं बेड्या पडणार हे ठाऊक असून पुस्तक छापायला टाकलं, त्याच्या सिनेमाला शून्यवादी कसं म्हणायचं? हसू तेच होतं, बार रूममधलं. फक्त इथं पक्षकार समोर बसून ऐकत होता.

13 एप्रिल 2021ला, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनानं साथीदार नागपुरातच गेले. आभार मानायचे राहून गेले.

‘कोर्ट’ पाहिल्यापासून एक सवय लागली आहे. तारीख पडली की अशिलाला व्हरांड्यात थांबवून ती का पडली ते साध्या मराठीत सांगतो. आमचे सिनिअर वैतागतात, ‘कायले टाइम खराब करून राहिला बे?’

टाइमच टाइम आहे, सर. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.