दीड फुटाची वाट

मुलांनो, तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा किती उंच आहे? मोजा बघू. बहुतेक घरांत ३२ ते ३४ इंच भरेल. उभ्यानं पोळ्या लाटताना कंबर मोडू नये म्हणून तो तेवढा. आजी ठेंगणी असेल तर तिला तोही उंच पडतो, मग ती पाटावर उभी राहते! घराच्या आतल्या अशा गोष्टींचा विचार करणं हाही एक व्यवसाय आहे, इंटिरिअर डिझाइनचा. नुसते पडदे नि फुलदाण्या निवडणं नव्हे, बरं का.

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या वर्षी दहावी झाली. म्हणाली, "बाई, मला इंटिरिअर करायचंय." तिचे बाबा सुतारकाम करतात. ते मला भेटायला आले. "बाई, रंधा मारून माझे हात गेले. पोरीनं फी भरून पुन्हा तेच शिकायचं?"

प्रश्न खरा होता. खाजगी संस्थांत फी लाखांत जाते. मी त्यांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टबद्दल सांगितलं. ते १८५७ सालचं, तिथं अंतर्गत सजावट शिकवतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या प्रवेश परीक्षेला कुठलीही शाखा चालते. आर्किटेक्ट व्हायचं तर मात्र बारावीला गणित हवंच, शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीही लागते. इंटिरिअर डिझायनरला ही सक्ती नाही. म्हणजे पाटी कुणीही लावू शकतो! तेव्हा पालकांनो, क्लासची जाहिरात पाहून पैसे भरू नका. तिथून शिकलेली मुलं काय काम करतात ते आधी विचारा.

तयारी म्हणून एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्याव्यात. पण चित्रं बेताची असली तरी बिचकू नका. टेप घ्या, खोली मोजा, एका फुटाला एक सेंटिमीटर धरून नकाशा काढा. दार कुठं उघडतं, ऊन कुठून येतं, प्लग कुठं आहे, सगळं दाखवा.

तिनं आपल्या १० बाय १२ च्या खोलीचा नकाशा काढला. माणसं पाच. रात्री अंथरुणं पडली की दाराकडे जायला वाटच उरत नव्हती. कपाट समोरच्या भिंतीला नेलं तर दीड फूट वाट निघत होती. बाबांनी कागद उलटसुलट पाहिला. "अगं, पण कपाटाचं दार उघडणार कसं?" मग त्यांनीच सरकतं दार सुचवलं. प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या यांची अर्धी शाळा तिच्या घरातच होती की!

या शिक्षणावर दुकानं, दवाखाने, प्रदर्शनं, नाटक-सिनेमांचे सेट अशी कामं मिळतात. सुरुवातीला कुणाच्या तरी हाताखाली, बेताच्या पगारावर, धूळ खात उभं राहावं लागतं.

ती आता अकरावीत आहे. सुटीत बाबांबरोबर कामावर जाते. पुढच्या फीचं अजून काही ठरलेलं नाही. कपाट मात्र हललंय. धाकटा भाऊ रात्री पाणी प्यायला उठला, तरी आता कुणाच्या अंगावर पाय पडत नाही.