सही करा, तुम्ही गुंड नाही!

टोकियोत भाड्याचं घर मिळवणं म्हणजे पेशन्सची परीक्षा. पुण्यात शिकलेलं जपानी पणाला लावून मी कॉन्ट्रॅक्ट वाचत होतो. कचरा कुठल्या वारी टाकायचा, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत... आणि मधेच एक कलम : मी कुठल्याही गुंड टोळीचा सदस्य नाही.

आयला! मी काय गुंड दिसतो?

‘‘सगळ्यांकडूनच लिहून घेतो,’’ एजंट हसत म्हणाला.

मग हे कलम भेटतच गेलं. बँकेत, मोबाइलच्या दुकानात, चक्क जिममध्येसुद्धा! गंमत म्हणजे याकुझा असणं हा जपानमध्ये आजही गुन्हा नाही. टोळ्यांवर वचक ठेवणारा कायदा १९९२ मध्ये लागू झाला. पुढे २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांनी त्यांच्याशी व्यवहार करण्यावरच बंधनं आणली. थोडक्यात, वाळीत टाकलं. १९६०च्या दशकात याकुझांची संख्या १ लाख ८० हजारांच्या घरात होती, आता ती २० हजारांच्याही खाली आलीय.

त्यांच्यातला एक बहुतेक मला भेटला. आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात. सत्तरीचे आजोबा, पाठभर ड्रॅगन, डाव्या हाताची करंगळी अर्धी. चूक केली की बोट कापून माफी मागायची, ही त्यांची जुनी रीत. मी दचकलो. त्यांनी मात्र शांतपणे बादली सरकवून मला जागा करून दिली.

नंतर जुलैच्या उकाड्यात ते रस्त्यात दिसले, फुल बाह्यांचा शर्ट घालून. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं बँक खातं मिळणं मुश्कील असतं. वाईट वाटलं. पण मग वाटलं, याच हातांनी किती बारवाल्यांकडून हप्ते उकळले असतील?

हल्ली पोलिस चौकीबाहेर वेगळीच पोस्टर्स दिसतात : झटपट पैशांच्या ‘यामी बाइतो’पासून, म्हणजे काळ्या पार्टटाइम जॉबपासून सावधान! सोशल मीडियावर पोरं भरती करायची, त्यांच्याकडून दरोडे घालून घ्यायचे. साथीदार एकमेकांना ओळखतही नाहीत. ना ड्रॅगन, ना तुटकी करंगळी.

दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना तेच कलम पुन्हा समोर आलं. मी झटकन शिक्का मारला. ती पोरंसुद्धा तितक्याच झटकन मारतील, हे मात्र तेव्हा लक्षात आलं.

आजोबांना निदान मी लांबूनही ओळखू शकत होतो.