अजाणता घडलेले

सेमिनरीत ग्रीक शिकताना एक शब्द मनात रुतून बसला : 'हामार्तिया'. नव्या करारात त्याचा अर्थ पाप. ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स' या ग्रंथात मात्र तोच शब्द शोकनायकाच्या घोडचुकीसाठी येतो. असा नायक संत नसतो, दुष्टही नसतो. म्हणूनच त्याच्या पतनाने आपल्या मनात करुणा आणि भीती दाटून येते.

सोफोक्लिसचा इडिपस राजा घ्या. पित्याचा वध आणि मातेशी विवाह, दोन्ही त्याच्या हातून अजाणता घडले. थीब्ज नगरीत रोगराई पसरते, तेव्हा पूर्वीच्या राजाच्या मारेकऱ्याचा शोध तो स्वतः आरंभतो. अंध द्रष्टा तायरेसियस, राणी योकास्टा, वृद्ध मेंढपाळ, सारे त्याला विनवतात : आणखी विचारू नकोस. तो विचारतच राहतो. सत्य उमगताच स्वतःचे डोळे फोडून घेतो आणि आपणच जाहीर केलेली हद्दपारी मागून घेतो.

तरुणपणी दोन भावांच्या तंट्यात मी घाईने निवाडा दिला. धाकट्यावर अन्याय झाल्याचे पुढे कळले. 'मला माहीत नव्हते' ही सबब वर्षभर उराशी धरली. ते खरेही होते. पण मी विचारलेच कुठे होते? अखेर त्याच्या दारी गेलो. तो एवढेच म्हणाला, "फादर, घरात या."

अजाणता घडलेली चूक पाप नसेल. तिची झळ सोसणाऱ्याचे दुःख त्यामुळे कमी होत नाही. 'हे माझ्या हातून घडले,' असे म्हणण्यातच इडिपसचे मोठेपण आहे. त्याला क्षमेचे दार ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे, तरी ठोठावायला आपण किती उशीर करतो!