ट्रॉफ्या भरपूर, शोकेस रिकामं!

‘‘एवढ्या ट्रॉफ्या मिळाल्या म्हणतोस, मग शोकेसमध्ये एक तरी दिसायला नको का रे?’’

हा माझ्या मामीचा सवाल. समोर तिचा लेक, म्हणजे माझा मामेभाऊ. हातात प्लेस्टेशनचा कंट्रोलर, डोळ्यांखाली नाइट शिफ्टची काळी वर्तुळं आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू वानखेडेवर शेवटच्या बॉलवर सिक्स मारून आलाय. त्याला नुकतीच ‘प्लॅटिनम’ मिळाली होती. मामीला वाटलं, काहीतरी दागिना असेल!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हल्लीच्या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही काही ठरावीक कामगिरी केलीत, की स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘टिंग’ करून एक छोटी पट्टी उगवते. पहिला बॉस मारला, टिंग. शंभर शत्रू लोळवले, टिंग. एक्सबॉक्सवर त्याला अचिव्हमेंट म्हणतात, प्लेस्टेशनवर ट्रॉफी. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, आणि त्या गेमच्या यादीतल्या सगळ्या मिळवल्या की प्लॅटिनम. हातात घेता येत नाही, विकता येत नाही, शोकेसमध्ये तर अजिबात ठेवता येत नाही. तरी जगभरातले लाखो लोक त्यासाठी रात्री जागवतात. का बुवा? आणि त्यात खरंच काही अर्थ आहे का?

माझा भाऊ साकीनाक्याला राहतो. अंधेरीतल्या एका ऑफिसात रात्रपाळी करतो. सकाळी जेव्हा अख्खी मुंबई मेट्रोत घुसायला धडपडत असते, तेव्हा हा साकीनाका स्टेशनचा जिना उलट्या दिशेने उतरत असतो. मग खैराणी रोडवरच्या गाळ्यांची शटरं उघडत असतात, फरसाण तळल्याचा वास आणि मशीनच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलेला असतो, डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान एअरपोर्टकडे उतरत असतं. हा घरी येतो, चहा-पोळी खातो आणि झोपायच्या आधी दीड तास गेम खेळतो. सेकंडहँड पीएस फोर, लहानसा टीव्ही. तो दीड तास त्याचा एकट्याचा. म्हणूनच मला हा प्रश्न फालतू वाटत नाही. ज्याच्याकडे दिवसाचे दीडच तास स्वतःचे आहेत, त्याने ते कशावर खर्च करायचे, हा टाइमपास नाही, चांगलाच सिरियस मामला आहे बॉस!

साक्षीला कोण?

आमच्या लहानपणी हे टिंग वगैरे काही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं पार्लर, तासाला दहा-वीस रुपये. कुणी कठीण लेव्हल पार केली की मागे उभी असलेली चार पोरं ओरडायची. बस्स, हीच ट्रॉफी! दुसऱ्या दिवशी क्रिकेट खेळताना तीच पोरं सगळ्यांना सांगायची, ‘‘अरे, काल ह्याने तो पूल एका लाइफमध्ये क्रॉस केला!’’ (मी भावाचं बोट धरून जायचे आणि कोपऱ्यात उभी राहून बघायचे. मुलींनी खेळायची तिथे पद्धत नव्हती. आता त्याची भरपाई म्हणून स्टीमवर मनसोक्त खेळते.)

म्हणजे बघा, कामगिरीला साक्षीदार लागतो ही गोष्ट जुनीच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅक्टिव्हिजन या अमेरिकन कंपनीने भन्नाट आयडिया काढली होती. गेममध्ये ठरावीक स्कोअर करा, टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो काढा आणि पोस्टाने पाठवा. कंपनी बदल्यात कापडी बिल्ला पाठवायची, शर्टावर शिवायला. १९८२ साली आलेल्या ‘पिटफॉल’ या गेममध्ये २०,००० पॉइंट्स झाले की ‘एक्सप्लोरर्स क्लब’चा बिल्ला मिळायचा. नोव्हेंबर २००५मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० आणला आणि फोटो-पोस्ट-बिल्ला हे सगळं सॉफ्टवेअरमध्येच घातलं. सुरुवातीला डिस्कवरच्या प्रत्येक गेमला मिळून १००० पॉइंट्स, सगळ्या गेमची बेरीज म्हणजे तुमचा गेमरस्कोअर. २००७मध्ये स्टीमवर अचिव्हमेंट्स आल्या आणि जुलै २००८मध्ये सोनीच्या पीएस थ्रीवर ट्रॉफ्या.

एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६मध्ये आला खरा. पण आपल्याकडे तेव्हा बहुतेक पोरांचं गेमिंग चालायचं ते शंभर-दीडशे रुपयांच्या पायरेटेड सीडीवर. त्यात कुठलं ऑनलाइन अकाउंट आणि कुठला स्कोअर? त्यामुळे ओरिजिनल डिस्क आणि खऱ्या अकाउंटवरची ट्रॉफी म्हणजे आपल्या पिढीसाठी स्टेटसची गोष्ट झाली. माझ्या भावाची पहिली ट्रॉफी ही त्याच्या पहिल्या पगारातून घेतलेल्या पहिल्या ओरिजिनल गेमची आहे. तिचा स्क्रीनशॉट त्याने आजही फोनमध्ये ठेवलाय.

दहा लाखांचा माणूस

पण एकदा आकडा मोजायची सवय लागली की माणूस कुठे थांबतो? रेमंड कॉक्स नावाच्या अमेरिकन गेमरने मार्च २०१४मध्ये दहा लाख गेमरस्कोअर पूर्ण केला. असं करणारा तो जगातला पहिला. २००६च्या ‘गिअर्स ऑफ वॉर’मध्ये तर एक अचिव्हमेंट होती, ऑनलाइन रँक्ड मॅचमध्ये दहा हजार प्रतिस्पर्धी मारा. तिचं नाव काय, तर ‘सिरियसली...’! म्हणजे बनवणाऱ्यांनाही कल्पना होती, की हे जरा अतीच आहे.

दुसरं टोक याहून मजेशीर. एक्सबॉक्स ३६०वर ‘अवतार : द बर्निंग अर्थ’ नावाचा गेम होता. त्यात एकूण पाचच अचिव्हमेंट्स, त्याही एकाच प्रकारच्या. लागोपाठ ५० फटके मारा की खेळ खल्लास, पाच मिनिटांच्या आत अख्खे १००० पॉइंट्स खिशात. लोकांनी तो गेम त्या पाच मिनिटांसाठी मिळवला. २०१६मधल्या ‘माय नेम इज मेयो’मध्ये तर समोर मेयोनीजची बरणी असते आणि तुम्ही बटण दाबत राहायचं. दहा हजार वेळा. शेवटी प्लॅटिनम! माझ्या भावाने तीही मिळवलीय. मी विचारलं, ‘‘कशी मिळाली?’’ तर म्हणतो, ‘‘ताई, त्यात सांगण्यासारखं काय आहे? मिळाली.’’

हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं.

कारण मधल्या काळात मी त्याला खेळताना बघत होते. तो गेम सुरू करायच्या आधी ट्रॉफीची यादी उघडायचा. मग यूट्यूबवर गाइड. मग फोनवर व्हिडिओ पॉज करत करत, टीव्हीवर तसंच्या तसं. गोष्ट सांगणारा सीन आला की स्किप! गंमत म्हणजे ऑफिसातही त्याच्या डोक्यावर एक बोर्ड लटकलेला असतो. कुणी किती कॉल घेतले, कोण हिरव्यात, कोण लाल रंगात. रात्रभर एक यादी पूर्ण करून हा पोरगा सकाळी घरी येऊन दुसरी यादी पूर्ण करत होता. फरक एवढाच, की दुसरीचा पगार नव्हता.

स्केचपेनची गोष्ट

याविषयी मानसशास्त्रात एक फेमस प्रयोग आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो प्रसिद्ध केला. नर्सरीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. एका गटाला आधीच सांगितलं, की स्केचपेनने चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. बक्षीस काय, तर सोनेरी शिक्का आणि रिबीन असलेलं ‘गुड प्लेअर’चं सर्टिफिकेट. (आहे की नाही ट्रॉफीच!) दुसऱ्या गटाला काहीच न सांगता चित्रं काढू दिली आणि नंतर अचानक तेच सर्टिफिकेट हातात दिलं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, या वेळी बक्षीस-बिक्षीस नाही. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, ती मुलं इतरांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आणि ज्यांना अचानक बक्षीस मिळालं होतं? त्यांची आवड जशीच्या तशी!

म्हणजे लोच्या ट्रॉफीत नाही. लोच्या आहे तो आधी यादी बघण्यात.

गेम बनवणाऱ्यांमधल्या हुशार लोकांना हे कळतं. ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड टू’ या २००७च्या गेममध्ये एक बागेत ठेवतात तसला बुटका पुतळा सापडतो. तो उचलून अख्खा गेमभर जपत न्यायचा आणि शेवटी रॉकेटमध्ये ठेवायचा. लढताना तो खाली ठेवावा लागतो, गाडीतून सारखा पडतो, परत जाऊन शोधावा लागतो. महाकटकट! पण ज्यांनी हे केलं, ते आजही त्या पुतळ्याबद्दल असं बोलतात जणू लहान भावाला गर्दीतून घरी आणलंय. ही कंपनी सुरू करणारे गेब न्यूवेल यांनी तर नोव्हेंबर २०२०मध्ये न्यूझीलंडमधून उडालेल्या खऱ्याखुऱ्या रॉकेटमधून तसाच एक पुतळा अंतराळात पाठवला. आता बोला!

आणि एक ट्रॉफी माझ्यासमोर मिळालेली. मामा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. भाऊ २०१८चा ‘स्पायडर-मॅन’ खेळत होता. न्यूयॉर्कभर विखुरलेल्या ५५ बॅगा शोधून झाल्या होत्या, आणि का कुणास ठाऊक, त्या दिवशी गाइड बंद होतं. असाच फिरत फिरत तो एका कब्रस्तानात उतरला. एका कबरीजवळ बटण दाबायची खूण आली. ती बेन पार्करची कबर होती. ज्या काकांनी स्पायडर-मॅनला वाढवलं, त्या अंकल बेनची. स्पायडर-मॅन तिथे खाली बसला, दोन क्षण गप्प. आणि मग ‘टिंग’. ब्राँझ ट्रॉफी. सगळ्यात खालच्या दर्जाची.

त्याने कंट्रोलर खाली ठेवला. काही बोलला नाही. शोकेसकडे बघत बसला. तिथे मामाने टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये जिंकलेला, सोनेरी मुलामा उडालेला एकुलता एक कप आहे. मग मामीला हाक मारून म्हणाला, ‘‘आई, इकडे ये, एक गंमत दाखवतो.’’ मामी ओढणीला हात पुसत आली. त्याने तिला ती कबर दाखवली, तो स्पायडर-मॅन कोण, ते काका कोण, सगळी स्टोरी सांगितली. मामीने त्या दिवशी शोकेसबद्दल विचारलं नाही.

मग धावायचं की नाही?

एक गोष्ट लक्षात घ्या. ही सगळी संपत्ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे. २ सप्टेंबर २०२०ला आपल्याकडे पब्जी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा कित्येकांची टायटल्स आणि ‘कॉन्करर’च्या रँक्स एका सरकारी आदेशानिशी लटकल्या. जुलै २०२१मध्ये बीजीएमआय आला, जुना डेटा नेता आला. जुलै २०२२मध्ये तोही गायब, मे २०२३मध्ये पुन्हा हजर! युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले. गेम विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. ज्यांच्या दोन ट्रॉफ्या बाकी होत्या, त्यांच्या कायमच्या बाकी राहिल्या. मामाच्या कपाचा मुलामा उडाला, पण त्याला कुणी लॉगआऊट नाही करू शकत.

म्हणून काय ट्रॉफ्यांना ‘टाटा’ करायचं? छे! आमच्यासारख्यांच्या कामात ‘झालं, मस्त केलंस’ असं सांगणारं आहे कोण? फ्रीलान्सरला तर अप्रेझलही नसतं. लेख छापून आला हे आपणच शोधायचं, पेमेंट कधी येणार हे आपणच विचारायचं. अशा आयुष्यात एखादी गोष्ट सुरू केली, पूर्ण केली आणि कोपऱ्यात टिंग झालं, तर त्या आनंदाला ‘पोरकटपणा’ म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या ऑफिसातलं ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चं सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवावं.

फक्त माझा एक साधा फंडा आहे. पहिल्यांदा गेम खेळताना यादी उघडायची नाही. गोष्ट संपू द्या, जे आपोआप मिळेल ते मिळू द्या. मग यादी बघा आणि एकेका ट्रॉफीला विचारा, ‘‘तू कशी मिळालीस, हे मला कुणाला तरी सांगता येईल का?’’ सांगता येणार असेल, तर बिनधास्त धावा. एक रात्र जागा, दहा वेळा हरा, चालेल. आणि उत्तर ‘दहा हजार वेळा बटण दाबलं’ एवढंच असेल, तर टीव्ही बंद करा आणि झोपा. नाइट शिफ्टवाल्यांना झोपेची ट्रॉफी कुणी देत नाही, पण गरज तिचीच जास्त असते.

भावाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ताई, पटलं. पण सध्याच्या गेममधल्या दोनच राहिल्यात गं...’’