एसटीनं जाणारी बातमी

१९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं, त्याच सुमारास परभणीत आम्ही पत्रकारिता शिकत होतो. आमचा खरा वर्ग भरायचा मोंढ्यात. तेव्हा एकाधिकार कापूस खरेदी होती. हंगामात केंद्रापुढे बैलगाड्यांची रांग पार रस्त्यावर यायची. सर बजावायचे, ‘लांबच लांब रांग’ असं लिहू नका, गाड्या मोजा. आधी ग्रेडरला विचारा, मग गाडीखाली सावलीला टेकलेल्या शेतकऱ्याला. दोघांचं जुळलं नाही तर पुन्हा ग्रेडरकडे जा.

एवढं फिरायला सवड मिळायची, कारण बातमी संध्याकाळच्या एसटीनं औरंगाबादला जायची. हातानं लिहिलेली पानं पाकिटात घालून कंडक्टरच्या हवाली करायची. गाडी सुटेपर्यंतची दुपार पडताळणीची. आडनावाची वेलांटीसुद्धा त्या दुपारीच तपासून व्हायची. मात्र कागद मिळत नसे. पंचनाम्याची प्रत किंवा पावसाची नोंद मागितली, की कचेरीतून ‘उद्या या’ एवढंच ऐकू यायचं.

आज कागदाची ती अडचण बरीच सरली आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं मागणाऱ्याच्या हाती बळ दिलं. सातबारा ऑनलाइन दिसतो, मंडळनिहाय पाऊस मोबाइलवर कळतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, हे सोनपेठची विद्यार्थिनी घरबसल्या ताडून पाहू शकते. आम्हाला याचा हेवा वाटतो.

पण आकडा मंडळाचा असतो आणि सोयाबीन वाहून जातं ते एखाद्याच शिवारातलं. पर्जन्यमापक दूर असला तर तिथला पाऊस नोंदीत येतच नाही. त्यासाठी बांधावर जावं लागतं, चार जणांना विचारावं लागतं. नेमकी तेवढीच सवड आता उरलेली नाही. बातमी घडताक्षणी पाठवायची असते.

परभणीत राहून वर्षानुवर्षं वार्तांकन करणाऱ्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावाकडे सबुरीनं पाहणारी नजर किती खोल जाते, हे आमच्या जिल्ह्यानं त्यात पाहिलं.

ती दुपार आम्हाला एसटीच्या वेळापत्रकानं आयती दिली होती. आजच्या मुलांना ती शिक्षकांनी मिळवून द्यायला हवी. बातमी सर्वांत आधी कोणी पाठवली, याला गुण देऊ नयेत. किती जणांना विचारून पाठवली, याला द्यावेत.